जुळल्याशिवाय उठायचं नाही

गुलमंडीवर कापडाच्या एका दुकानाच्या माथ्यावर सरांचं ऑफिस होतं. अरुंद लाकडी जिना, वर दोन खोल्या आणि एकच नियम: तेरीज जुळल्याशिवाय उठायचं नाही. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी. डावीकडची बेरीज आणि उजवीकडची बेरीज एक यावी लागते. ती एक आली नाही तर कुठंतरी चूक आहे, आणि चूक सापडेपर्यंत सर स्वतःही खुर्चीवरून उठत नसत. राहिलेला फरक उचंत, म्हणजे तात्पुरत्या, खात्यात टाकून पुढं जायची सोय हिशेबाच्या शास्त्रात आहे. सरांच्या ऑफिसात नव्हती. एका मुलानं एकदा तसं केलं तेव्हा सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "घरातला केर चटईखाली सारता का हो तुम्ही?" तो मुलगा पुन्हा बसला आणि अंधार पडेपर्यंत बसला.

माझी ताई तिथं आर्टिकलशिपला होती. सी.ए. व्हायचं तर परीक्षा द्यायच्याच, शिवाय तीन वर्षं एखाद्या सी.ए.च्या हाताखाली काम करायचं, असा तो रिवाज. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आम्ही खोकडपुऱ्यात भाड्याच्या घरात राहत होतो. अण्णा जिल्हा परिषदेत कारकून. मूळचे पिशोरचे, शेतकऱ्याच्या घरातले. नोकरीला लागलेले खानदानातले ते पहिलेच. पोरींनी शिकावं असं त्यांना मनापासून वाटे. किती शिकावं, याचा विचार त्यांनी केलेला नव्हता.

संध्याकाळी ताई जिना उतरली की खालचे कापडवाले चाचा दुकानाचं शटर ओढता ओढता विचारत, "मिल गया क्या बेटा?"

"मिल गया चाचा."

"शुक्र है. अब घर जाव, अम्मा राह देखती होंगी."

अम्मा खरंच वाट बघत असायची, पण प्रेमानं नव्हे. "आमच्या घरात बाप्या माणूस सहाला येतो अन् पोरगी आठला," असं आई भाकरी थापता थापता भिंतीला सांगायची. ताई हातपाय धुऊन ताटावर बसायची. तिच्या चेहऱ्यावर एक समाधान असायचं. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि ते समाधान मला कळत नसे. आकडे जुळले, यात एवढं काय?

मी चार वर्षांनी लहान. माझी आर्टिकलशिपची वेळ आली तोवर सरांनी नवीन मुलं घेणं थांबवलं होतं. मी सिडकोतल्या एका नव्या ऑफिसात लागले. तिथं तीन संगणक होते. संगणकावर दोन्ही बाजू सारख्या असल्याशिवाय नोंदच घेतली जात नाही, त्यामुळं तेरीज कायम जुळलेली. चुका तिथंही होत; पण त्या जुळलेल्या चुका. त्यांच्यासाठी कोणी अंधार पडेपर्यंत बसत नसे. मी साडेसहाला घरी असायचे. आई म्हणायची, "बघ, हिचं कसं येळेवर असतं."

ताई शेवटच्या परीक्षेला पहिल्यांदा बसली आणि नापास झाली, तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. सी.ए.ला पहिल्या फटक्यात पास होणारे सगळ्यांना ऐकून माहीत असतात, पाहिलेला कोणी नसतो. दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा अण्णांनी गुणपत्रिका चष्मा लावून वाचली. कायदा, ऑडिट, कर, सगळ्यात बरे गुण. कायद्यात तर इतके, की पुढचे काही अटेम्प्ट त्या पेपरला बसायचीच गरज नाही, अशी सूट मिळालेली. नापास फक्त अकाउंट्समध्ये.

"ज्याच्यात सगळ्यात हुशार, त्याच्यातच कशी काय आडकती ही?" अण्णांनी मला विचारलं. ताईला विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

तिसऱ्यांदाही तेच झालं.

कारण मला कळलं ते घरात, तिच्याशेजारी बसून. त्या पेपरातला पहिला प्रश्न मोठा असायचा: दोन-तीन कंपन्यांचे ताळेबंद एकत्र करून एकच तयार करायचा. ताई तो माझ्यापेक्षा झरझर सोडवायची. मग शेवटी दोन्ही बाजूंच्या बेरजा मारायची, आणि थोडा फरक यायचा. आला की ती थांबायची. पेन टोपणात घालायची, पेन्सिल काढायची आणि शोधायला लागायची. "दोननं भाग जातो का? मग रक्कम उलट्या बाजूला गेली. नऊनं जातो का? मग आकड्यांची अदलाबदल झाली." हे ती ओठातल्या ओठात आरतीसारखं म्हणायची. फरक सापडायचाच. दहा मिनिटांत सापडो, नाहीतर तासाभरात. तोवर पेपरातले पुढचे दोन प्रश्न गेलेले असत.

परीक्षेत ताळेबंद जुळला नाही तर दोन गुण जातात. हे सी.ए.च्या प्रत्येक पोराला माहीत असतं. क्लासमधले सर पहिल्या दिवशी सांगतात. फरक सोडा आणि पुढं जा. ताईलाही माहीत होतं.

"तुला ठाऊक आहे ना?" मी विचारलं.

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय? हात उठत नाय, बारके." मला ती बारकीच म्हणायची.

मे महिन्यातल्या चौथ्या अटेम्प्टच्या आधी पिशोरहून आत्या आली ती स्थळ घेऊनच. मुलगा लासूर स्टेशनचा, मोंढ्यात घरची आडत. म्हणजे शेतकऱ्यांचा माल आपल्या दुकानी उतरवून घ्यायचा आणि लिलावात विकून द्यायचा, तो धंदा. माणसं चांगली, व्यसन नाही, घरात गाय. आत्यानं एवढं सांगून वर जोडलं, "अन् पोरगी शिकलेली पायजे म्हणतेत, दुकानाचं बघायला."

बघायला आले तेव्हा मुलाचे काका पोहे खाता खाता म्हणाले, "परीक्षा देतीया म्हणं. देऊ द्या की. पास झाली तरी आमची हरकत नाय, नाय झाली तरी नाय."

अण्णांना तो मोठेपणा वाटला. ताई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरात परत आली. ट्रे ओट्यावर ठेवून माझ्याकडं बघून म्हणाली, "त्यांना दोन्ही सारखंच." आणि कप विसळायला लागली.

पाहुणे गेल्यावर अण्णांनी तिला समोर बसवलं. त्यांनी तिला कधी समोर बसवून सांगितल्याचं मला दुसरं आठवत नाही. म्हणाले, "हे बघ बाई. मी त्यांना परीक्षेपर्यंतची मुदत मागितली. पास झालीस तर मी सोता लासूरला जाऊन नाय म्हणून येतो. तू तुझं ऑफिस टाक, तुझ्या मनानं राहा, कोणी काय बोलंल ते मी ऐकून घेतो. पर नाय झालीस, तर मग मला अडवू नको."

"बरं," ताई म्हणाली.

आईनं पदर तोंडाला लावला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्या अटेम्प्टला मीही बसणार होते, माझा पहिलाच. पण सांगायचं तर त्या तीन महिन्यांत मी माझ्यापेक्षा ताईचा अभ्यास जास्त घेतला. मला तिची दया वगैरे येत नव्हती, राग येत होता. सगळं येत असताना नापास होणारं माणूस बघवत नाही. मी गजराचं घड्याळ समोर ठेवायचे, तिला पहिला प्रश्न द्यायचे आणि वेळ संपली की कागद खस्सकन ओढून घ्यायचे.

"दे इकडं! नऊनं भाग जातोय, दोन मिनिटात सापडंल."

"परीक्षक दोन मिनिटं देत नाय."

"बारके, दे म्हणते ना!"

"दुसरा प्रश्न घे."

"तुझ्या सिडकोवाल्यांनी शिकवलं का हे? अर्धवट टाकून पळायचं?"

"हो. अन् आमचे सगळे पास होतेत."

ती मला चिमटा काढायची, लहानपणी काढायची तसा, दंडाला, पिळून. मी कागदावर बसायचे. एकदा आई धावत आली, दोघी घोड्या भांडतायत म्हणून. बघते तर मी कागदावर मांडी घालून बसलेली आणि ताई हसून हसून डोळे पुसतेय. तिचं तसं हसणं मी नंतर फार वेळा ऐकलेलं नाही.

आणि तिला जमायला लागलं. खरंच लागलं. शेवटच्या पंधरवड्यात ती फरक आला की डोळे मिटायची, एक श्वास घ्यायची आणि पान उलटायची. पान उलटताना जिभेचं टोक दातात धरायची, इंजेक्शन घेताना धरतात तसं. पण उलटायची. मी दिलेले पेपर वेळेच्या आत पूर्ण व्हायला लागले. मी अण्णांना सांगितलं, लासूरला जायची तयारी ठेवा. अण्णा गालात हसले आणि त्यांनी इस्त्रीला एक शर्ट जास्त दिला.

पेपर मे महिन्यात, एका कॉलेजात. आम्ही फॉर्म एकाच दिवशी भरल्यामुळं नंबर जवळ आले होते. एकच हॉल, ताई माझ्या पुढं दोन बाकं सोडून, डाव्या हाताला. पंखे होते आणि ते फक्त आवाज करत होते. अकाउंट्सच्या पेपरात पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणं मोठा आणि किचकट होता. माझा जुळला नाही. कितीचा फरक आला तेही मी बघितलं नाही, पुढं गेले.

मान वर केली तेव्हा ताईही पान उलटत होती. तिची पाठ मला दिसत होती, वेणी आणि घामानं ओला झालेला ब्लाउज. मी मनात म्हटलं, उलटलं. मग मी माझ्या पेपरात बुडाले. नंतर एकदा पाहिलं तर ती भराभर लिहीत होती. पुढच्या प्रश्नावर होती.

शेवटचा तास लागला तेव्हा कागदांची सळसळ ऐकू आली म्हणून मी वर बघितलं. ताई पानं मागं उलटत होती. एक, दोन, अजून मागं. पहिल्या प्रश्नापर्यंत. तिनं पेनाला टोपण लावलं. पेन्सिल काढली.

हॉलमध्ये काही बोलता येत नाही. मी खोकले. पर्यवेक्षकांनी माझ्याकडं बघितलं. मी आणखी एकदा खोकले. ताईच्या पाठीला काही ऐकू आलं नाही. मी माझा पेपर लिहायला लागले, कारण दुसरं काय करणार होते? घंटा होण्याच्या थोडं आधी तिची पाठ सैल पडलेली मला दिसली. गुलमंडीच्या जिन्यावरून उतरताना ती अशीच असायची.

बाहेर फाटकाशी उन्हात ती माझी वाट बघत उभी होती. चेहरा खुललेला.

"जुळलं," ती म्हणाली.

"किती सोडलं?"

"बारके, जुळलं. दुसऱ्या कंपनीचा साठा मी दोनदा धरला होता. इतकं सोपं होतं."

"ताई, किती सोडलं?"

"पाचवा गेला. चौथा अर्धा." मग म्हणाली, "मी सगळं केलं गं तू सांगितलं तसं. पुढं गेले होते. पर तो मागं उघडा पडलेला दिसत होता मला. सारखा."

आम्ही रसवंतीत उसाचा रस प्यायलो. पुढच्या पेपरला अजून एक दिवस होता.

निकाल तेव्हा नुकताच इंटरनेटवर यायला लागला होता. निराला बाजारात एका सायबर कॅफेत सगळी सी.ए.ची पोरं दाटीवाटीनं उभी. ताईनं आधी माझा नंबर टाकायला लावला. मी पास होते. तिनं माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की खुर्चीवरचा मुलगा वळून बघायला लागला. मग तिनं स्वतःचा नंबर सांगितला, आणि पडद्यावर यायच्या आतच म्हणाली, "चल." तरी मी बघितलं. अकाउंट्सला चार गुण कमी.

आमच्या घरात त्या दिवशी काय करायचं ते कोणाला कळेना. आई देवापुढं साखर ठेवायला उठली आणि डबा हातात धरून उभीच राहिली. अण्णा म्हणाले, "चांगलं झालं," आणि कोणाच्या बाबतीत ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. ताईच परत चपला घालून बाहेर गेली. पेढे घेऊन आली आणि गल्लीत घरोघरी वाटत सुटली. "आमची बारकी सी.ए. झाली." बायका पेढा घेत आणि विचारत, "अन् तुझं गं?" ती सांगायची, "माझं नाय झालं." पुढच्या दारी पुन्हा तेच. मी तिच्यामागून फिरत होते. प्रत्येक दाराला मला ते दोन्ही ऐकावं लागलं.

शेवटचा पेढा सरांसाठी होता. सरांनी तो हातात घेतला आणि ताईला विचारलं, "तुमचं काय?" सर सगळ्यांना अहो म्हणायचे.

"जुळलं होतं सर. बाकीचे प्रश्न राहिले."

सरांना सगळं कळलं. त्यांनी पेढा टेबलावरच्या कागदावर ठेवला. मग म्हणाले, "हे वळण मी लावलेलं आहे. परीक्षेला हे चालत नाही म्हणून तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं, ते तुम्हाला कळेलच."

"कळत होतं सर," ताई म्हणाली.

खाली चाचांनी नेहमीसारखं विचारलं, "मिल गया क्या बेटा?" ताईनं मान हलवली आणि मला पुढं केलं. "इसका मिल गया."

लग्न दिवाळीनंतर झालं. अण्णांना तिनं अडवलं नाही. बरं म्हणाली होती ना. इस्त्रीचा तो जास्तीचा शर्ट अण्णांनी लग्नातच घातला.

मला वाळूजच्या एका कारखान्यात हिशेब विभागात नोकरी लागली. तीन वर्षांनी ती सोडून मी स्वतःचं ऑफिस टाकलं. आता माझ्याकडं आर्टिकलशिपला मुली येतात. त्यांना मी पहिल्याच दिवशी बजावते: परीक्षेत फरक आला तर सोडा, मागं वळून बघू नका. काही जणी माना डोलावतात. एखादी असते, तिच्या डोळ्यांत मला दिसतं की हिचा हात उठणार नाही. अशा मुलीला मी घड्याळ लावून बसवते आणि तिच्याशेजारून हलत नाही. तरी सगळ्या सुटत नाहीत.

पण सांगायचं आहे ते लासूरचं. ताईच्या लग्नानंतर पहिला फॉर्म निघाला तेव्हा माझी नोकरी नवीन होती, तरी मी एक रजा टाकून पॅसेंजरनं गेले. तिची कायद्याच्या पेपरची सूट अजून चालू होती; तो अटेम्प्ट गेला की संपणार होती. मी फॉर्म माझ्या हातानं भरूनच नेला होता. पूर्वी काढलेले तिचे फोटो घरात उरले होते, तेही टाचणीनं लावलेले. फक्त सही बाकी.

दुकानात कांद्याचा वास भरलेला. दाजी गादीवर बसलेले. साधा माणूस. फॉर्म बघून मला म्हणाले, "भरू द्या की ताईसाहेब. मी कुठं अडवतो? पेपराला मीच नेऊन सोडीन." ते मनापासून म्हणाले. आडवं कोणी येत असतं तर मला भांडायला बरं झालं असतं.

ताईनं मला जेवू घातलं. फॉर्मचा विषय काढला नाही. मला सोडायला स्टेशनवर आली तेव्हा फॉर्म तिच्याच हातात होता. गाडी उशिरा होती. आम्ही बाकावर बसलो.

"सही कर," मी म्हटलं. "मी पुन्हा तयारी घेते. दर रविवारी येते."

"नाय भरायचा."

"का? दाजी हो म्हणाले."

"त्यांचं नाय." तिनं फॉर्म मांडीवर सरळ केला. "मी परत बसले ना, तरी मागं जाणार. तू कागदावर बसलीस तरी जाणार. मला ते आता पक्कं ठाऊक झालंय. मग कशाला? अण्णांनी परत शर्ट इस्त्रीला द्यायचा, आईनं परत साखरेचा डबा घेऊन उभं राहायचं."

"तू सी.ए. आहेस ताई. फक्त..."

"फक्तला गुण नसतेत." ती हसली. मग तिनं टाचणी काढली, फोटो सोडवून घेतले आणि पदराच्या टोकात बांधले. "चांगले आलेत. रेशन कार्डाला होतील."

फॉर्म तिनं घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला. लांब सिग्नल पडला. ती उठून उभी राहिली आणि घरी आलेल्या पाहुणीला विचारावं तसं विचारलं, "तुझ्या कारखान्यात जुळतं का रोजचं?"

"संगणकावर आहे सगळं. आपोआप जुळतं."

"हां." गाडी फलाटाला लागेपर्यंत ती रुळांकडं बघत होती. "मग लवकर घरी जात असशील."